‘होत आलंय’ची किंमत

प्रश्न : माझं वय 37. एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. कामात मी कच्चा नाही, हे माझ्यावर खार खाणारेही मान्य करतील. पण गेल्या वर्षभरात अशा तीन गोष्टी घडल्या की माणसांवरचा विश्वासच उडाला.

ऑफिसात एक तिमाही रिपोर्ट माझ्याकडे होता. मधे दुसरी कामं आली आणि तो मागे पडला. साहेबांनी दोनदा विचारलं तेव्हा ‘होत आलंय’ असं सांगितलं गेलं. तिसऱ्यांदा ते थेट माझ्या टेबलापाशी आले, फाइल उघडायला लावली आणि सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. त्या रात्री मी विभागाच्या ग्रुपवर मन मोकळं केलं. त्यात काही जुने विषयही निघाले. आता मेमो मिळालाय. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय.

त्याआधी एका जवळच्या मित्राकडून पैसे उसने घेतले होते. ठरल्या तारखेला जमलं नाही. त्याचे फोन येत राहिले, काही उचलले गेले नाहीत. त्याने आमच्या दोन-तीन मित्रांमध्ये बोभाटा केला. इतक्या वर्षांची मैत्री आणि ही वागणूक! मी त्याला ब्लॉक केलं.

तिसरी बहीण. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मी राहणार होतो. रजेचा अर्ज द्यायचा राहून गेला. तिला ‘रजा नामंजूर झाली’ असं सांगितलं. नंतर तिला कुठूनतरी खरं कळलं. आता ती कामापुरतं बोलते. लहानपणी वडिलांच्या मारापासून मी तिला वाचवायचो, दोघांची प्रगतिपुस्तकं मी लपवायचो, ते सगळं ती विसरली.

मित्र सांगतात, विषारी माणसं आयुष्यातून काढून टाक. मला कळत नाही, हे माझ्याच वाट्याला का येतं? माझं काय चुकतं?

— एक वाचक

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा तुम्ही मनापासून विचारलाय की पत्राला शेवट हवा म्हणून लिहिलाय, हे मला ओळखता येत नाही. मी तो खरा धरून चालते. पहिला सोडून देते. त्याला उत्तर नाही.

पत्र हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि क्रियापदांखाली रेघा ओढत गेले. रिपोर्ट ‘मागे पडला’. ‘होत आलंय’ असं ‘सांगितलं गेलं’. फोन ‘उचलले गेले नाहीत’. अर्ज ‘राहून गेला’. जुने विषय ‘निघाले’. म्हणजे तुमच्या बाजूला जे काही झालं ते आपलं आपण झालं, करणारा कुणी दिसतच नाही. समोरच्या बाजूला मात्र माणसं गजबजलेली आहेत : साहेबांनी पाणउतारा केला, मित्राने बोभाटा केला, बहीण विसरली. ‘मी’ हा शब्द तुमच्या बाजूने ठसक्यात येतो तो दोन जागी : मी मन मोकळं केलं आणि मी ब्लॉक केलं. तुम्ही काही डाव टाकून असं लिहिलं नसणार. आपली बाजू सांगताना बहुतेकांचं असंच होतं. पण ही तीन प्रकरणं तुमच्या अंगावर कशी आली, ते मला या क्रियापदांतून जेवढं कळलं तेवढं बाकी मजकुरातून कळलं नाही.

आता तिन्हींच्या मुळाशी काय आहे ते बघा. रिपोर्टला उशीर, उसने पैसे फेडायला उशीर, अर्ज द्यायला विसरणं. यातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यापायी नोकरी, मैत्री किंवा बहीण जावी. माणसं रोज या चुका करतात आणि रोज निभावून नेतात. तुमचं गणित फिसकटलं ते चूक झाल्यानंतर. चूक झाली आणि ती समोरच्याला कळली, या दोन क्षणांच्या मधल्या काळात तुम्ही काय करता, त्यात तुमची सगळी अडचण आहे. तुम्ही तिन्ही वेळा एकच केलंत : गप्प बसलात, मग विचारणा झाल्यावर थोडं खोटं बोललात आणि उघडं पडल्यावर भडकलात.

रिपोर्टचंच घ्या, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. साहेबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगण्याची किंमत किती होती? एक अवघड मिनिट. ‘साहेब, मागे पडलोय, आठवडा लागेल.’ कपाळाला आठी पडली असती, दोन शब्द ऐकावे लागले असते, विषय संपला असता. तुम्ही ‘होत आलंय’ म्हणालात आणि ते मिनिट वाचवलंत. पण त्या एका वाक्याने काय काय बंद झालं ते मोजा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘हे दोन तक्ते लावून देतोस का’ असं विचारता येईना, कारण होत आलेल्या कामाला मदत कशाला लागते? मुदत वाढवून मागता येईना. आकड्यांत काही अडलं तर साहेबांकडे जाता येईना, कारण ती शंका पहिल्या पानावरची होती आणि तुम्ही तर शेवटच्या पानावर असायला हवे होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती फाइल उघडावीशीच वाटेना. तिच्यावर क्लिक करायचं म्हणजे आपण काय बोलून बसलोय ते डोळ्यांसमोर येणार. मग माणूस दुसरी कामं काढतो, ती झटपट उरकतो, दिवसभर खूप व्यस्त असतो. तुमचा रिपोर्ट पहिले काही दिवस इतर कामांमुळे मागे पडला, हे मी मान्य करते. त्यापुढे तो ‘होत आलंय’मुळे मागे पडला.

दुसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा तर किंमत आणखी वाढली होती. आता उशीर कबूल करणं पुरेसं नव्हतं, आधीचं खोटंही कबूल करावं लागलं असतं. म्हणून तेच वाक्य पुन्हा. या वाटेवर प्रत्येक पायरीला खरं बोलणं महाग होत जातं आणि खोटं बोलणं मात्र पहिल्याइतकंच स्वस्त दिसत राहतं. फसवी गोष्ट ती हीच.

याचं जगातलं बहुधा सर्वांत महाग उदाहरण सांगते, आणि योगायोगाने तेही हिशेबाचंच आहे. बेरिंग्ज ही 1762 साली स्थापन झालेली ब्रिटिश बँक. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात निक लीसन नावाचा विशीतला तरुण वायदेबाजाराचे व्यवहार बघायचा. 1992 मध्ये त्याने चुका नोंदवण्यासाठी एक खातं उघडलं, क्रमांक 88888. त्याने पुढे सांगितलं त्याप्रमाणे सुरुवातीला त्यात झाकली गेली ती एका नवख्या सहकाऱ्याची चूक : खरेदीच्या जागी विक्री झाली होती, तोटा सुमारे 20 हजार पौंडांचा. एवढ्या मोठ्या बँकेला ही रक्कम जाणवलीही नसती. पण ती कळवण्याऐवजी खात्यात ढकलली, मग भरून काढायला आणखी सौदे, त्यात आणखी तोटा, तोही त्याच खात्यात. वर कागदोपत्री मात्र सिंगापूर भरघोस नफा दाखवत होतं आणि लीसनचं कौतुक चाललं होतं. 1994 अखेर त्या खात्यातला तोटा 20 कोटी पौंडांच्या वर गेला होता. फेब्रुवारी 1995 मध्ये तो 82 कोटी 70 लाखांवर पोहोचला, लीसन माफीची चिठ्ठी ठेवून पळाला आणि दोन शतकांहून जुनी बँक बुडाली. डच कंपनी आयएनजीने ती एका पौंडाला विकत घेतली. लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

बँकेची देखरेख ढिसाळ होती, हे पुढे चौकशीत निघालंच. तरीही मला त्या गोष्टीत वारंवार आठवते ती पहिली संध्याकाळ. 20 हजार पौंडांची चूक, ती सांगायला लागणारं एक मिनिट, आणि ते न सांगता उघडलेलं खातं.

दुसरं उदाहरण मार्था स्टुअर्टचं, अमेरिकेतली घरसजावट आणि पाककृतींच्या कार्यक्रमांची मोठी प्रसिद्ध बाई. डिसेंबर 2001 मध्ये तिने एका औषध कंपनीचे शेअर दलालाच्या सूचनेवरून विकले आणि सुमारे 45 हजार डॉलरचा तोटा वाचवला. तिच्या संपत्तीपुढे हे चिल्लर होतं. 2004 मध्ये ती दोषी ठरली आणि पाच महिने तुरुंगात राहिली, पण कशासाठी? तपास यंत्रणांना खोटं सांगितलं, तपासात अडथळा आणला, यासाठी. मूळ व्यवहारासाठी तिच्यावर फौजदारी खटला चाललाच नाही.

तुमच्या प्रकरणांना इतके मोठे आकडे नाहीत, पण मांडणी तीच आहे. बहिणीला राग कशाचा आलाय असं तुम्हाला वाटतं? अर्ज विसरल्याचा? तो राग चार दिवसांत गेला असता. ‘रजा नामंजूर झाली’ हे ऐकून तिने तुमच्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील, कुणाला तरी ‘बिचाऱ्याला सोडलं नाही’ असं सांगितलंही असेल, आणि मग कळलं की अर्जच नव्हता. तिची तेव्हा काय अवस्था झाली असेल, यावर तुमच्या पत्रात एक ओळ नाही.

मित्राचंही तसंच. पैसे अडकले म्हणून माणूस चिडतो खरा. पण उचलला न जाणारा फोन पैशांपेक्षा जास्त छळतो. पहिल्या दिवशी वाटतं, कामात असेल. मग वाटतं, बरा आहे ना? मग तुम्ही कुठेतरी ऑनलाइन दिसता आणि मग कळतं की हा बरा आहे, हा मलाच टाळतोय. त्याने दोन-तीन मित्रांना सांगितलं त्याला तुम्ही बोभाटा म्हणता. तो त्यांच्याकडे चौकशीही करत असेल. तुम्ही फोन उचलत नसताना त्याने तुमच्याबद्दल विचारायचं तरी कुणाला? आणि एक कटू गोष्ट : देणं थकलं की देणेकऱ्यालाच घेणेकऱ्याचा राग येऊ लागतो. त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की आपण कसे आहोत ते दिसतं, म्हणून ते नाव नकोसं होतं. तुम्ही ते नावच काढून टाकलंत.

आता या भडकण्याबद्दल. चूक माझी असताना मीच का चिडतो, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रात सगळीकडे आहे. जून टँगनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या दशकापासून यावर काम केलंय. त्या दोन भावना वेगळ्या काढतात. एक, ‘मी वाईट काम केलं’ ही टोचणी. दुसरी, ‘मी माणूसच वाईट’ ही शरम. ऐकायला सारख्या वाटतात, पण माणसाला वेगवेगळ्या दिशांना नेतात. टोचणी असलेला माणूस भरपाईकडे वळतो, कारण काम दुरुस्त होऊ शकतं. शरम असलेला माणूस लपतो, आणि लपायला जागा उरली नाही की दुसऱ्यावर ढकलतो, चिडतो. त्यांच्या अभ्यासांत शरमेकडे कल असलेली माणसं रागाकडे आणि दोषारोपाकडेही जास्त झुकलेली आढळली. साहेबांनी फाइल उघडायला लावली त्या क्षणी तुम्हाला रिपोर्ट अपुरा असल्याचं वाईट वाटलं नाही, आपण सगळ्यांसमोर उघडे पडलो याचं वाटलं. रात्रीचा ग्रुपवरचा मजकूर त्या शरमेने लिहिला.

‘मन मोकळं केलं’ म्हणता, पण झालं का ते मोकळं? ब्रॅड बुशमन यांचा 2002चा एक प्रयोग आहे. आधी विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं, काहींना नुसतं शांत बसवलं. चिडवणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त संतापलेले निघाले. नुसते बसलेल्यांनी पुढे सगळ्यात कमी आक्रमकता दाखवली. वाफ सोडली की राग जातो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलीय, पण रागाला शब्द पुरवत राहिलं की तो पोसला जातो. तुमचे ‘जुने विषय’ त्या रात्री असेच निघाले असणार. आणि ग्रुपवर लिहिलेलं खिशात परत घालता येत नाही.

साहेबांची बाजू घेतेय असं वाटत असेल तर थांबा. चार लोकांत फाइल उघडायला लावून पाणउतारा करणं ही वाईट वागणूक आहे, खोलीत बोलावून हेच विचारता आलं असतं. त्यांच्या वागण्याचा जाब त्यांना द्यावा लागेल किंवा लागणारही नाही, ते तुमच्या हातात नाही. मात्र त्यांनी ती फाइल उघडायला लावली, कारण तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

‘विषारी माणसं काढून टाक’ सांगणाऱ्या तुमच्या मित्रांबद्दल मी फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. खरोखर छळणारी माणसं असतात आणि त्यांच्यापासून दूर जावंच लागतं. पण या यादीत आहेत कोण? काम मागणारा साहेब, स्वतःचे पैसे मागणारा मित्र आणि आईपाशी बसलेली बहीण. यांना काढून टाकलं की उरतील ती फक्त तुम्हाला अजून काही न विचारलेली माणसं.

प्रगतिपुस्तकाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथे थांबले. ज्या घरात कमी गुणांना मार मिळतो त्या घरात लपवणं हा शहाणपणा असतो. त्या मुलाने बरोबर केलं, स्वतःला वाचवलं आणि बहिणीलाही. फक्त तेव्हा तुम्ही दोघं एका बाजूला होता आणि वडील दुसऱ्या बाजूला. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही लपवलंत ते तिच्यापासून. ज्या खुर्चीत वडील बसायचे तिथे तिला नेऊन बसवलंत. ती काही विसरलेली नाही. उलट लपवताना तुमचा आवाज कसा होतो, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत असेल?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि काही मुठी झाकलेल्याच बऱ्या हेही खरं. पण ती म्हण चालते ती कुणी मूठ उघडायला सांगणार नसेल तिथे. रिपोर्टला तारीख असते, उसन्याला तारीख असते, ऑपरेशनला तारीख असते. त्या दिवशी मूठ उघडणारच असते.

तर आता करायचं काय. शुक्रवारची मुदत पाहून खुलाशाबद्दलचं मी तुम्हाला आधीच मेलवर कळवलं होतं. अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी ते इथेही देते. खुलासा अर्ध्या पानाचा असावा आणि त्यातलं प्रत्येक वाक्य ‘मी’ने चालावं. ‘अमुक तारखेला रिपोर्ट देणं अपेक्षित होतं, तो मी दिला नाही. दोनदा विचारणा झाली तेव्हा काम पूर्ण होत आल्याचं मी सांगितलं, ते बरोबर नव्हतं. ग्रुपवर मी जे लिहिलं ते त्या जागी लिहायला नको होतं. रिपोर्ट मी अमुक तारखेला देईन.’ सही. साहेबांनी सगळ्यांसमोर काय केलं ते यात घालू नका. ती तक्रार तुम्हाला करायची असेल तर रिपोर्ट दिल्यानंतर वेगळ्या अर्जाने, स्वतःच्या पायावर उभी राहील अशी करा. खुलाशात घातली की ती पळवाट दिसते. ग्रुपवरचा मजकूर गुपचूप डिलीट केला असेल तर तेही लिहा, नाहीतर आणखी एक झाकाझाक तुमच्या नावावर जमा होईल. आणि मेमोची भाषा नोकरी जाण्याकडे बोट दाखवणारी असेल तर खुलासा देण्याआधी कामगार कायद्याची जाण असलेल्या माणसाच्या नजरेखालून तो घालाच. इथे माझ्या सल्ल्यावर विसंबू नका.

रिपोर्टची नवी तारीख देताना तुमचा हात पुन्हा घसरणार आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. 1994 साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे वाईटातली वाईट कल्पनाही अपुरी पडली. हे सगळे काही खोटारडे नव्हते. माणूस तारीख सांगताना काम कसं पार पडावं याचं चित्र बघतो, मागचं काम कसं पार पडलं याची आठवण काढत नाही. साहेबांना खूश करायच्या घाईत दिलेली तारीख हे पुढच्या ‘होत आलंय’चं बी असतं. तेव्हा मागच्या तिमाहीचा रिपोर्ट प्रत्यक्षात किती दिवसांत झाला ते जुन्या फाइलींच्या तारखांवरून काढा आणि तेवढे दिवस मागा. तारीख लांबची वाटली तर वाटू दे.

आणि ‘होत आलंय’ हा शब्दप्रयोग तुमच्यापुरता बंद. त्याच्या जागी आकडा सांगायचा. ‘बारापैकी चार तक्ते झालेत, पाचव्यात ताळा लागत नाही.’ आकडा खोटा सांगायला बराच निर्ढावलेपणा लागतो, तो तुमच्यात मला दिसत नाही. ‘होत आलंय’ मात्र कुणालाही जमतं, कारण त्याचा अर्थ ऐकणारा त्याच्या सोयीने लावतो आणि तुम्ही त्याला तो लावू देता. शक्य असेल तर साहेबांना आठवड्याच्या मधल्या एका दिवशी अर्धवट फाइल स्वतःहून दाखवायला सुरुवात करा. अर्धवट काम दुसऱ्याच्या नजरेला पडणं ही तुमच्यासाठी खरी अवघड गोष्ट आहे. पहिल्यांदा पोटात गोळा येईल. येऊ द्या.

बहिणीकडे लहानपणचा हिशेब काढू नका. तुम्ही तिला तेव्हा वाचवलंत हे खरं असलं तरी ते आता वटवायला गेलात तर त्याची किंमत जाईल. एवढंच सांगा : ‘रजा नामंजूर झाली नव्हती. मी अर्जच दिला नव्हता, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून तुला खोटं सांगितलं.’ मग तिला विचारा, त्या दिवशी दवाखान्यात काय काय झालं, रात्री कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले. आणि ऐका. मधे ‘पण माझं’ नको. ती चिडेल, कदाचित रडेल, कदाचित ‘बरं’ म्हणून फोन ठेवेल. आईला पुढच्या तपासण्यांना न्यायचं असेलच. त्यातल्या तारखा मागून घ्या, आधी अर्ज द्या आणि मंजूर झाल्यावरच तिला कळवा. तिचा विश्वास शब्दांवर बसायला वेळ लागेल, म्हणून काही काळ शब्दांच्या जागी मंजूर झालेली रजा असलेली बरी.

एक शंका मनात आहे, ती लिहूनच टाकते. न उघडलेली पाकिटं, पुढे ढकललेल्या स्वतःच्या तपासण्या, न भरलेले अर्ज असा ढीग घरीही साचलेला असेल, तर एकट्याने निश्चयाच्या बळावर यातून निघायचा हट्ट धरू नका. समुपदेशकाकडे जा. सतत विसरण्यामागे आणि टाळण्यामागे कधी चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार असतो, कधी लहानपणापासूनची लक्ष न टिकण्याची अडचण असते, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

राहिला मित्र. त्याला अनब्लॉक करा आणि मेसेज नको, फोन करा. मेसेजमध्ये तुम्ही पुन्हा ‘जमलं गेलं नाही’ अशी वाक्यं लिहाल. आज जेवढे पैसे देता येतील तेवढे फोन करण्याआधी पाठवा, रक्कम लाजिरवाणी असली तरी. मग सांगा : ‘मी तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. पैसे नव्हते आणि तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आज एवढे पाठवलेत, बाकीचे दरमहा एवढे देईन.’ पुन्हा, रक्कम अशी सांगा की जी वाईट महिन्यातही निघेल. ‘पण तू सगळ्यांना सांगितलंस’ हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल. ते या फोनमध्ये नको. उलट, त्या दोन-तीन मित्रांना खरं काय ते मीच सांगतो, असं त्याला म्हणा आणि सांगा. तो कदाचित पैसे घेईल आणि मैत्री नाही घेणार. तसं झालं तरी हप्ते थांबवायचे नाहीत.

हा फोन आजच करा, मात्र रात्री नऊच्या आत. त्यानंतर तुम्ही काय काय लिहिता-बोलता ते तुमच्या विभागाने वाचलंच आहे.